शब्दचर्चा: म्हाताऱ्या माणसाच्या 'गार्डियन'ला मराठीत काय म्हणायचं?

वळणावरची

मंडळी, एक शब्द अडलाय आणि तो अडल्यामुळे अर्जही अडलाय.

आत्याला स्मृतिभ्रंश आहे, चार वर्षं झाली. आता सही जमत नाही आणि जमली तरी कशावर करतोय ते तिला कळत नाही. तिने लग्न केलं नाही, बाबाही गेले, राहिलो आम्ही भाचरं. तिचेच पैसे तिच्याच औषधपाण्याला आणि दिवसरात्रीच्या बाईला वापरायचे तरी बँक हात लावू देईना, म्हणून वकिलांनी सांगितलं की कोर्टाकडून गार्डियनशिप घ्या. त्यांनी मराठीत मसुदा करून दिला. पहिल्याच पानावर 'अर्जदार ही पालक व सदर व्यक्ती ही पाल्य'. मी तिथेच थांबले. आत्या तीस वर्षं शाळेत मराठी शिकवायची हो, प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' बघून मुलांना वर्गात घेणारी बाई ती. परवा तिच्यासमोर बँकेचा फॉर्म धरला तर मला म्हणाली, "सही कुठाय? उद्या पालकांची घेऊन ये, नाहीतर बाहेर उभं राहायचं."

तर प्रश्न असा की म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पालक-पाल्य सोडून दुसरा शब्द आहे का? आणि अजून एक. आत्याने पूर्वी मला कुलमुखत्यारपत्र दिलेलं. बँक म्हणते ते आता चालणार नाही. का चालणार नाही ते एक, आणि त्यातलं 'कुल' म्हणजे काय, कुळातल्या माणसालाच देता येतं असं काही आहे का?

नुक्ता

आधी 'कुल' घेतो कारण त्यात सगळेच फसतात. हा संस्कृतातला कुळ-घराणंवाला कुल नाही. अरबी 'कुल्ल' म्हणजे सगळा, संपूर्ण. मुखत्यार हाही अरबीच, मूळ अर्थ निवडलेला, फारसीतून येता येता अधिकार असलेला. मिळून कुलमुखत्यार म्हणजे सगळे अधिकार दिलेला माणूस, मग तो कुळातला असो नाहीतर शेजारचा. उर्दूत 'खुदमुख्तार' म्हणतात, स्वतःच्या मर्जीचा मालक. म्हणजे आत्या होती तोवर खुदमुख्तार होती आणि तिने आपली मुखत्यारी स्वतःच्या मर्जीने तुम्हाला दिली. पुढचं कायद्याचं कोणी जाणकार सांगेल.

काळा डगला

सांगतो. मुखत्यारपत्र म्हणजे आत्याच्या वतीने वागायची परवानगी, ती उभी राहते आत्याच्या इच्छेवर. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम २०१ म्हणतं की मालकाचं, म्हणजे अधिकार देणाऱ्याचं, मन विकल झालं की एजन्सी, म्हणजे ही परवानगी, संपते. त्यामुळे ज्या दिवसासाठी लोक हा कागद करून ठेवतात नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो, आणि हे करून देताना फारसं कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मन गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं, आपल्याकडे त्या धर्तीचा कायदा नाही. बँक इथे बरोबर आहे, राग आला तरी.

आता पालक. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, दोन्ही मुलांसाठी आहेत, अठराच्या आतल्या. म्हाताऱ्यांचा त्यात विचारच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचाराबद्दल बोलू शकतो, बँकेतल्या ठेवीबद्दल नाही. आधीच्या १९८७ च्या कायद्यात मालमत्तेसाठी 'व्यवस्थापक' नेमायची सोय होती, ती नव्यात आलीच नाही. मग लोक जातात उच्च न्यायालयात, घटनेच्या कलम २२६ खाली, आणि मुंबईसह बऱ्याच उच्च न्यायालयांनी असे पालक नेमलेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी रीतसर पद्धतच घालून दिली: डॉक्टरी तपासणी, मालमत्तेची यादी, वारस कोण कोण, नेमलेल्याने हिशेब द्यायचा वगैरे.

तुमच्या वकिलांनी मसुद्यात पाल्य लिहिलं ते १८९० च्या सवयीने. हात तसाच वळतो हो आमचा.

कागदकाका

वळणावरची, पाल्यवर अडलात ते ठीक, पण खरा बोचरा शब्द अजून तुमच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही. वरती डगलेवाल्यांनी लिहिलाय, कोणाच्या लक्षात आला का? 'अज्ञानत्व'.

कायद्याच्या मराठीत मायनर म्हणजे अज्ञान आणि मेजर म्हणजे सज्ञान. जुने सातबारे काढून बघा, नावापुढे 'अ.पा.क.' असतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप वारला, पोरगं लहान, मग आईचं नाव अ.पा.क. म्हणून लागायचं. मी महसुलात होतो, शेकडो नोंदी केल्या असतील. अठरा पुरी झाली की अर्ज यायचा, 'सज्ञान झालो, सबब अ.पा.क. कमी करावे'. ते 'कमी करावे' लिहिताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असायचे.

पण उलटा प्रवास लिहायला आमच्याकडे शब्दच नव्हता. सज्ञान माणूस परत अज्ञान होत नाही, कायद्यात तरी नाही. म्हणून तुमच्या आत्याला पाल्य म्हणणं मलाही खटकतं, नुसतं मायेपोटी नाही, शब्द म्हणूनच चुकीचं वाटतं.

राइनकाठ

कागदकाका, तो उलटा शब्द जर्मनमध्ये होता. मी इथे गेली काही वर्षं वृद्धांच्या सेवेत काम करते म्हणून माहीत. 'म्युंडिश' म्हणजे साधारण आपलं सज्ञान, आणि 'एन्टम्युंडिगुंग' म्हणजे सज्ञानपण काढून घेणं, अगदी शब्दशः. कोर्ट ते माणसाच्या नावावर करायचं. १९९२ पासून मोठ्या माणसांसाठी तो प्रकारच रद्द केला आणि त्या जागी शब्द आणला 'बेट्रॉयुंग', अर्थ फक्त काळजी घेणं, सोबत करणं. माणसाचं सज्ञानपण तसंच राहतं, जिथे अडतं तेवढ्यापुरता सोबती नेमतात. जपानमध्येही असंच. तिथे २००० साली जुना 'मालमत्ता सांभाळायला मनाई' अशा अर्थाचा शब्द जाऊन 'प्रौढ पालकत्व' आला आणि २००४ मध्ये डिमेन्शियाचा जुना शब्द, ज्यात मूर्खपणाचा अर्थ होता, सरकारने काढूनच टाकला.

सरळसोट

मला एक कळत नाही, शब्द बदलून आत्यांची आठवण परत येणार आहे का? कोर्टाला जे कळतं ते लिहा आणि मोकळे व्हा. इथे दहा जण कीस पाडणार आणि तिकडे बाईचा पगार थकणार.

वळणावरची

सरळसोट, पगार थकलाच आहे, मी माझ्या खिशातून देतेय. आणि सही मी करणारच आहे, पण काय म्हणून करतेय ते मला कळायला नको का?

नुक्ता

सरळसोट यांचं एका अर्थी बरोबर आहे पण शब्दचर्चेच्या धाग्यावर येऊन कीस पाडू नका म्हणणं म्हणजे पोहायला येऊन कपडे भिजले म्हणण्यासारखं झालं.

पालकच्या धातूकडे बघू. पाल् म्हणजे राखणं. पालक राखणारा, पाल्य राखला जाण्याजोगा, वाच्य, त्याज्य, भोग्य तसंच हे. पाळणे, पाळणा हे त्याच घरचे. म्हणून तर पाल्य ऐकलं की डोळ्यासमोर पाळणाच येतो, आणि तिथेच वृद्धांच्या बाबतीत तो शब्द कोसळतो. गंमत म्हणजे पालक मात्र तसा अडकलेला नाही, पालकमंत्री म्हणतोच आपण आणि जिल्ह्याला कोणी पाल्य म्हणत नाही! म्हणजे पालक ठेवा, पाल्य सोडा, हे मराठीत सहज चालतं. जोडीतला एक शब्द घेतला म्हणजे दुसरा घ्यायलाच हवा असं थोडंच आहे.

आणि सगळे विसरताय तो शब्द म्हणजे 'वाली'. अरबीत ज्याच्या हाती कारभार आणि रक्षण तो वाली. आपण तो फक्त नकारात जिवंत ठेवलाय, 'गरिबाला कोणी वाली नाही'. होकारात कोणी वापरत नाही. "मी आत्याची वाली आहे" म्हणून बघा, किती वेगळं वाटतं. कोर्टात चालणार नाही, ठाऊक आहे.

काळा डगला

वाली चालणार नाही पण तुम्हाला आवडेल असा एक शब्द कायद्यातच आहे. ज्याला स्वतःचा दावा चालवता येत नाही, अज्ञान असो की मनोविकल, त्याच्या वतीने जो दावा दाखल करतो तो 'वादमित्र', इंग्रजी नेक्स्ट फ्रेंडचं मराठी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ मध्ये आहे. तो फक्त त्या दाव्यापुरता, बँकेत त्याचा उपयोग नाही. पण कुठल्यातरी कारकुनाला मित्र शब्द सुचला हे मला अजून बरं वाटतं.

आणि कलम २२६ खाली न्यायालय पालक नेमतं तेव्हा निकालात एक लॅटिन शब्द हमखास येतो, 'पॅरेन्स पॅट्रिए'. देशाचं मायबाप. म्हणजे आपलं मायबाप सरकारच की! ज्याला कोणी नाही त्याचं राज्य, आणि राज्याच्या वतीने न्यायालय तुम्हाला नेमतं. तेव्हा तुम्ही आत्याचे आईबाप होत नाही, ती जागा न्यायालयाने घेतलेली असते, तुम्ही त्याची माणसं. म्हणूनच हिशेब त्यांना द्यायचा.

अजून एक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये 'मर्यादित पालकत्व' आहे, ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयापुरतं, दोघांनी मिळून ठरवायचं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. शब्द म्हणून मला तो सर्वात प्रामाणिक वाटतो. तुमच्या केसला तो लावता येईल का हे वकिलांनाच विचारा, मी कागद न बघता बोलणार नाही.

आजोळ

मी वाचनमात्र असते पण एक भर घालते. आजाराच्या नावाबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्याकडे आजीला झालं तेव्हा नातेवाईक 'म्हातारचळ' म्हणायचे. कोर्टात जायची वेळ आली तेव्हा चुलत्यांनी तोच शब्द वापरला, की चळ लागलाय, कोणाला काहीही लिहून देईल. म्हातारचळ म्हणजे उतारवयातला भलता हट्ट किंवा नको ती हौस, विसरणं नव्हे. आजीला ना हट्ट होता ना हौस, ती फक्त संध्याकाळी पिशवी भरून 'घरी जाऊया' म्हणायची, घरात बसून. 'साठी बुद्धी नाठी' तर आणखी वाईट, नाठी म्हणजे नष्टच. स्मृतिभ्रंश हा शब्द निदान स्वच्छ आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, तिथे तो विषयांच्या चिंतनातून सुरू होणाऱ्या घसरणीतली एक पायरी आहे आणि 'बुद्धिनाश' ही त्याच्या पुढची. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हाच्या माणसाला कळत होतं आणि आमच्या चुलत्यांना नाही.

कागदकाका

आजोळ, पटलं. आमच्या दप्तरात तर सरळ 'वेडसर' असा शेरा असायचा. १९१२ च्या कायद्याचं नावच लुनसी ॲक्ट, चंद्रावरून, अमावस्या-पौर्णिमेला डोकं फिरतं या समजुतीतून आलेला शब्द. त्या मानाने मनोविकल बरा.

तरी एक सांगतो, मनोविकल हाही शिक्का समजू नका. त्याच करार अधिनियमात कलम १२ आहे, त्यात म्हटलंय की एरवी विकल मनाचा माणूस जेव्हा मधूनच ठिकाणावर असतो तेव्हा तो करार करू शकतो. १८७२ चा कायदा आणि त्याला हे दिसलं होतं. आमच्या सौ. सकाळी ठीक असायच्या, दुपारनंतर मला 'अहो काका' म्हणून हाक मारायच्या. इथलं टोपणनाव त्यावरूनच घेतलंय.

वळणावरची

काका… काय बोलू.

सगळ्यांचे आभार. काल वकिलांकडे जाऊन आले. त्यांना विचारलं पाल्य काढला तर बिघडतं का, ते म्हणाले काही नाही बिघडत, 'सदर व्यक्ती' करू. मी म्हटलं सदर व्यक्ती पण नको, पूर्ण नाव लिहा, पुढे 'निवृत्त शिक्षिका'. अर्जदार 'पालक म्हणून नेमणूक होण्यासाठी' एवढंच ठेवलं. मर्यादित पालकत्वाचं विचारलंय, ते बघून सांगणार आहेत. सख्ख्या-चुलत सगळ्या भावंडांच्या संमतीच्या सह्या आल्या, एकाची राहिलीय, तो येईल वळणावर.

आणि एक घडलं ते इथेच सांगण्यासारखं आहे. नवा मसुदा घरी आणून टेबलावर ठेवला होता, मी चहा टाकायला गेले. येऊन बघते तर आत्या पेन घेऊन बसलेली, कागद पुढ्यात. माझ्या पोटात गोळा, आता परत प्रिंट काढा. तिने शीर्षकातल्या 'पालकत्त्व'मधल्या एका त वर काट मारून बाजूला बारीक अक्षरात 'पालकत्व' लिहिलं होतं, आणि समासात गुण कापल्याची खूण, उणे अर्धा. आम्ही तिघांनी वाचला होता तो मसुदा, वकिलांसकट.

मी विचारलं, आत्या, महत्त्वला दोन त असतात ना गं? तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नवीन आहेस का वर्गात?" उत्तर दिलंच नाही. तर आता तुम्हीच सांगा, महत्त्वला दोन का आणि पालकत्वला एक का?

नुक्ता

महत् + त्व. महत्‌मधला एक त आधीपासूनच आहे, 'त्व'मधला दुसरा. तत् + त्व, सत् + त्व तसेच. पालक + त्व मध्ये आधीचा त नाहीच, म्हणून एकच. अर्धा गुण बरोबर कापलाय.