अनुभव धागा: चिडवाचिडवी, दादागिरी आणि सोबतीच्या गोष्टी

शाळेत हिणवलं जाणारं लेकरू घरी सहसा काही बोलत नाही. पोट दुखतं म्हणतं, शाळा बुडवतं. अशा वेळी दोस्तीची एखादी गोष्ट कामी आली असेल तर इथं सविस्तर लिहा. माझ्या मते दादागिरी करणाऱ्याला धडा शिकवणाऱ्या गोष्टींपेक्षा कुणीतरी शेजारी येऊन बसतं त्या गोष्टींनी जास्त बळ मिळतं.

शिक्षिका, केज तालुका
दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचे आईबाप ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजीजवळ मागं राहतात. चौथीतल्या अशाच एका मुलीला पोरं 'कोपीवाली' म्हणायची (कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी). खिचडीच्या वेळी तिच्या शेजारी कुणी ताट ठेवेना. मी रोज शेवटच्या तासाला 'तोत्तोचान' हे एका जपानी शाळकरी मुलीचं पुस्तक वाचायला घेतलं, चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान आपल्या झाडावर चढवते, ते प्रकरण आलं. ती शिडी ओढत आणते, त्याला खालून ढकलते, वरून ओढते, दोघं घामाघूम होतात. वर्ग चिडीचूप. मग एकानं विचारलं, "मॅडम, तो पडला असता तर?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तिनं धरलं होतं की त्याला!" हे बोलणारी पोरगी दुसऱ्या दिवशी ताट घेऊन कोपीवाली म्हणवल्या जाणाऱ्या मुलीजवळ बसली. चिडवणं लगेच थांबलं नाही, पण आता ते ऐकायला त्या दोघी होत्या.

कॉलेज विद्यार्थी, उदगीर
मी बोलताना अडखळायचो, वर्ग माझी नक्कल करायचा. अकरावीत 'वंडर' ही इंग्रजी कादंबरी वाचली. वेगळ्या चेहऱ्याच्या ऑगस्टजवळ जेवायला समर आपणहून येऊन बसते. मला मात्र जॅक जास्त भिडला. तो मित्र असून पाठीमागं वाईट बोलतो, आणि पुढं ऑगस्टच्या बाजूनं उभा राहतो. माझ्याही मित्राचं असंच झालं होतं. त्याच्याशी पुन्हा बोलावं असं मला त्या पुस्तकामुळं वाटलं.

वडील, परभणी
आमच्या चिरंजीवाला मारामारी जिंकणारा नायकच लागतो. लागू द्या, त्यातही लेकराला धीर मिळतो.

आजी, नांदेड
केजच्या मॅडम, तुमचं वाचून डोळे भरले. मी नातीला मनानंच रचून सांगते. गोष्टीतल्या मुलीचं नाव तीच ठेवते, अन् मग तिच्या शाळेतलं सगळं त्या मुलीच्या तोंडून बाहेर येतं.

धागाकर्ता
आजी, हे फार मोलाचं सांगितलंत. लेकरू असं बोलतं झालं की पुढचं काम आपलं. वर्गशिक्षकांना भेटा. मारहाण, धमक्या, पैसे मागणं असेल तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते. आणि आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत घडणाऱ्या, मराठीतच लिहिलेल्या अशा गोष्टी ठाऊक असतील तर नावं कळवा. सहावी-सातवीच्या मुलांना वाचून दाखवायच्या आहेत.