मीटरवर 80, जीपीएसवर 74. स्कॅनर लावून दुरुस्त करावं का?

गोदाकाठ
बाइकचं मीटर खरं बोलत नाही, हे फोनमधल्या जीपीएसमुळं आता पोराटोरांनाही कळायला लागलंय. 200 सीसी गटातल्या एका गाडीचे आकडे देतो. टायर आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) कंपनीचेच, हवा सकाळी थंड टायरवर भरलेली. सोलापूर-धुळे महामार्गावर गेवराईजवळच्या सपाट पट्ट्यात जाता-येता मोजलं. प्रत्येक वेगाला काटा 15 सेकंद स्थिर धरला, वारा कापला जावा म्हणून दोन्ही दिशांची सरासरी घेतली.

मीटर 40, जीपीएस 36
मीटर 60, जीपीएस 55
मीटर 80, जीपीएस 74

आता स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतले आकडे बघायचं-बदलायचं यंत्र) गावोगावी आलेत. काही गाड्यांच्या मीटरमध्ये चाकाचा घेर किंवा वेगाचं करेक्शन टक्क्यात टाकायची सोय असते. ती असेल तर सरळ साडेसात टक्के कमी करून मोकळं व्हावं, असं माझं मत. मोंढ्यातल्या काट्यानं क्विंटलमागं साडेसात किलो मारले तर आपण भांडतोच ना? मग इथं गप्प का बसायचं? उलट मत असेल तर मांडा, पण "कंपनीनं केलंय म्हणजे बरोबरच असणार" एवढ्यावर थांबू नका.

तेरा_दात
मोंढ्याचं उदाहरण इथं उलटं पडतं. तिथं काटा चुकला तर शेतकऱ्याचं जातं, इथं काटा चुकतो तो तुमच्या बाजूनं. कंपनी मुद्दाम जास्त दाखवते, कारण नियमच तसा आहे. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 नुसार मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमी. तुमचा खरा वेग 74, म्हणजे मीटर 85 पर्यंत गेलं असतं तरी त्या मापात बसलं असतं. तुमचं तर 80 वरच थांबलंय.

हे अंतर ठेवतात त्याला कारण टायर. कारखान्यातून निघालेलं नवं टायर, झिजलेलं टायर, कमी हवेचं टायर, मागं दोन गोण्या टाकल्यावर दबलेलं टायर, या सगळ्यांचा घेर वेगवेगळा. यातल्या कुठल्याही अवस्थेत मीटर कमी दाखवता कामा नये, म्हणून आधीच वर सरकवून ठेवतात. तुम्ही झिजलेल्या टायरवर मीटर तंतोतंत जुळवलं आणि पुढच्या महिन्यात नवं टायर टाकलं, की मीटर लगेच कमी दाखवणार. 130/70-17 चं टायर (रुंदी 130 मिलिमीटर, उंची तिच्या 70 टक्के, रिम 17 इंची) 5 मिलिमीटर झिजलं तर घेरात 1.6 टक्क्यांचा फरक पडतो. हात लावू नका.

गोदाकाठ
मान्य, पण तुम्ही फक्त कंपनी फिटिंगची गाडी धरून बोलताय. इकडं निम्म्या पोरांच्या गाड्यांना मागं 130/70 च्या जागी 140/70 चं टायर असतं. घेर 1928 वरून 1972 मिलिमीटर, म्हणजे 2.3 टक्के फरक. पुढचं स्प्रॉकेट 14 दातांचं काढून 15 चं टाकणारेही कमी नाहीत. त्यांनीही हात लावू नये?

कपलर_उघडा
दोघंही गाडी न बघता भांडताय. आधी ठरवा की चूक कुठं आहे. काट्याच्या दाखवण्यात, का चाकाच्या मोजणीत? हे दोन आजार वेगळे आहेत, आणि स्कॅनरचं औषध एकालाच लागू पडतं.

बीएस-6 गाडीच्या सीटखाली बहुतेक वेळा लाल रंगाचा सहा पिनचा कपलर (स्कॅनर जोडायचा प्लग) असतो, वर रबरी टोपी. सहा ते सोळा पिनची जोडवायर आणि साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीचा डेटा फोनला पाठवणारी डबी) लावला की फोनवर लाइव्ह डेटा दिसतो. त्यात "व्हेइकल स्पीड" ही ओळ शोधा. हा ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळलेला वेग असतो, दशांश नसलेला पूर्ण आकडा. सगळ्या गाड्या तो देत नाहीत, पण देत असेल तर निम्मं काम झालं. मागं बसलेल्यानं फोन धरायचा आणि एकाच वेळी तीन आकडे लिहायचे: मीटर, ईसीयू, जीपीएस. चालवणाऱ्यानं फोनकडं बघायचं नाही.

ईसीयू 74, जीपीएस 74 आणि मीटर 80 आलं तर मोजणी बरोबर आहे. फक्त दाखवताना मीटर वर सरकवतंय. ही कंपनीची ठेवण, तिच्यात चूक काही नाही.

ईसीयूच 69 सांगतोय आणि जीपीएस 74, तर चाक-दातांचा हिशोब बिघडलाय. टायर, स्प्रॉकेट किंवा सेन्सरसमोरची दातेरी रिंग यांतलं काहीतरी बदललंय. करेक्शन इथं करायचं.

आणि सेन्सर कुठं बसलाय ते बघितल्याशिवाय टायरला दोष देऊ नका. ज्या गाडीचा वेग पुढच्या चाकाच्या एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) रिंगवरून घेतला जातो, तिला मागं 140 चं टायर टाका नाहीतर 160 चं, मीटर तसूभर हलणार नाही. स्प्रॉकेटचंही तेच. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवर सेन्सर असेल तर मात्र दोन्हींचा परिणाम होतो.

तेरा_दात
कपलर_उघडा यांचं पटलं. आता गोदाकाठ यांच्या मूळ आकड्यांकडं या, कारण साडेसात टक्के हा आकडाच चुकलाय. 36, 55, 74 समोर 40, 60, 80. फरक 4, 5 आणि 6. फरक वेगाबरोबर वाढतोय, पण वेगाच्या प्रमाणात नाही. मांडून बघा: मीटर म्हणजे खरा वेग गुणिले 1.053, अधिक 2. तिन्ही ओळी जुळतात.

म्हणजे दोन भाग आहेत, एक टक्क्यांचा आणि एक ठरलेला 2 किमीचा. टक्क्यात टाकलेलं करेक्शन फक्त पहिल्या भागाला लागतं. साडेसात टक्के कमी केले तर 74 ला मीटर 74 दाखवेल आणि तुम्ही खूश. पण खऱ्या 100 ला ते साडेनव्याण्णव दाखवेल, त्यापुढं आणखी मागं पडेल. जिथं वेग कळायची सगळ्यात जास्त गरज, तिथंच मीटर कमी बोलणार.

गोदाकाठ
हिशोब बरोबर आहे, मानलं. मग 5 टक्के कमी करा. उरलेले 2 किमी राहू द्या. सगळ्या वेगांना मीटर खऱ्यापेक्षा 2 नं जास्त दाखवेल, कमी कधीच दाखवणार नाही. तुमचा नियमही पाळला जातो आणि माणसाला वेगही कळतो. यात आता काय खोट?

रनिंग_किती
खोट किलोमीटरमध्ये आहे, आणि अजून कुणी तिकडं बघितलेलंच नाही.

बहुतेक गाड्यांत काटा वर सरकवलेला असतो, पण ओडोमीटर (एकूण किलोमीटरचा आकडा) सरळ पल्स, म्हणजे चाक किंवा शाफ्ट फिरताना सेन्सरकडून येणारे ठोके, मोजतो. काटा 80 ला 74 असला तरी 100 किमी जाऊन ओडोवर 100 च पडतात. आता पल्सच्या पातळीवर 5 टक्के कमी केले की 1000 किमीला ओडोवर 950. सर्व्हिस 10,000 ला करायची ती प्रत्यक्षात साडेदहा हजारांच्या पुढं जाईल. मायलेजही खोटं येईल. गाडी लिटरला 45 देत असताना हिशोबात 42.75 दिसेल, आणि माणूस उगाच पेट्रोल पंपावर संशय घेईल.

आणि विकताना? जुन्या गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न रनिंगचाच. 40,000 चालवलेली गाडी 38,000 म्हणून विकली, करेक्शन मुद्दाम केलं होतं आणि सांगितलं नाही, तर ती फसवणूकच. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. "मी काट्यासाठी केलं होतं" हे घेणाऱ्याला कोण समजावणार?

म्हणून आधी ओडो तपासा. ट्रिप मीटर शून्य करा, जीपीएसचं ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा, 50 किमी जा. ट्रिप 100 मीटरपर्यंत दाखवतो, त्यामुळं 50 किमीवर चूक 0.2 टक्क्यांच्या आत राहते. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नका. चौपदरीकरणानंतर कित्येक ठिकाणी ते जुन्या मापाचेच उभे आहेत. समृद्धीचा विचार तर सोडाच, तिथं दुचाकीला बंदी आहे.

कपलर_उघडा
यात एक भर. काही मीटरमध्ये काट्याचं करेक्शन आणि अंतराचं करेक्शन अशा दोन वेगळ्या ओळी असतात. काहींमध्ये एकच असते आणि ती दोन्हींना लागते. टूलच्या पडद्यावर नाव काहीही असो, आकडा लिहिल्यावर 10 किमी चालवून ट्रिप जीपीएसशी ताडून बघायचाच.

सेन्सरच्या तीन वायरींमध्ये डबी बसवून पल्स कमी-जास्त करायची पद्धत आहे, तिच्यात काटा आणि ओडो दोन्ही हलतात. शाफ्टवरच्या सेन्सरला ती चालते. पण चाकाच्या सेन्सरची वायर आधी एबीएस युनिटमध्ये जात असेल तर तिच्या वाट्याला जाऊ नका. एबीएस पुढच्या-मागच्या चाकाचा वेग सतत ताडून बघतं. एका चाकाचे पल्स 5 टक्के कमी केले की त्याला वाटू शकतं की ते चाक लॉक व्हायला लागलंय. दिवा लागला तर नशीब समजा. दिवा न लागता ब्रेक सोडला तर काय?

केबलवाला
लई झालं स्कॅनर-स्कॅनर. खेड्यापाड्यात अजून निम्म्या गाड्या केबलच्या मीटरच्या आहेत. तिथं काय लावणार? आत फिरतं लोहचुंबक, त्यावर ॲल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग. चुंबक मंदावलं तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल पडली तर जास्त. काटा नाचत असेल तर केबल सुकलीय: वरून सोडा, आतली तार ओढून पुसा, खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीस लावा, वरचा भाग कोरडा ठेवा नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं. काटा पडूनच असेल तर पुढच्या हबमधली प्लास्टिकची गिअर दात गेलेली असते. यातल्या कशालाच कपलर नाही.

गोदाकाठ
केबलवाल्यांचं बरोबर, धागा कपलरवाल्या गाड्यांचाच आहे. पण रनिंग_किती, तुमचा मुद्दा उलटाही चालतो. पुढचं स्प्रॉकेट 14 चं 15 केलेली आणि शाफ्टवर सेन्सर असलेली गाडी घ्या. दर पल्सला गाडी 7.1 टक्के जास्त पुढं जाते. काटा, जो आधी वर होता, तो आता जवळजवळ खरा होतो: खऱ्या 80 ला साधारण 81. मालक म्हणतो, वा, फुकटात दुरुस्त झालं. पण ओडो 1000 किमीला 933 दाखवतोय. इथं करेक्शन न करणं हीच फसवणूक ठरते. इथं अधिक 7.1 टक्के टाकलेच पाहिजेत.

रनिंग_किती
हे शंभर टक्के मान्य. काटा पुन्हा 80 ला 86 दाखवायला लागेल, तेवढं मात्र सहन करा.

तेरा_दात
मलाही मान्य. मूळ मापावर परत आणणं ही दुरुस्ती. मूळ माप बदलणं हा उद्योग. शिवाय मोठं टायर टाकून गाडीची मूळ रचना बदलली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधीच समोर उभं राहतं, त्यावर स्कॅनर फिरवून काही लपत नाही.

कपलर_उघडा
करणाऱ्यांसाठी, आकडा लिहिताना काय बिघडतं ते सांगून ठेवतो. छापील मापावरून काढलेला घेर टाकू नका. हवा भरा, वजनाचा माणूस बसवा, टायरच्या वॉल्व्हसमोर जमिनीवर खडूनं खूण करा, गाडी ढकलून चाकाचे पाच फेरे पूर्ण करा, टेपनं मोजा, पाचानं भागा. 130/70-17 छापील हिशोबानं 1928 येतं, बसलेल्या वजनाखाली 1880 च्या आसपास भरतं. याच फरकामुळं पुष्कळांचं करेक्शन अडीच टक्क्यांनी चुकतं, आणि मग ते टूलला शिव्या देतात.

बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली असेल तर लिहायला सुरुवातच करू नका. काही गाड्यांचा पुढचा दिवा इग्निशन ऑन करताच पेटतो, इंजिन बंद असताना तो बॅटरी भराभर खातो. चार्जर लावून ठेवा. लिहिताना व्होल्टेज पडलं तर मीटर अर्धवट डेटावर अडकतं आणि नवं घ्यावं लागतं. जुना आकडा फोटो काढून आणि कागदावर, दोन्हीकडं ठेवा.

शेवटचं म्हणजे चूक रोज सारखीच येते का, ते बघा. ठरावीक टक्क्यांची चूक हिशोबाची असते. वेग उड्या मारत असेल, मध्येच शून्यावर जात असेल, तर टूलची पेटी बंद करा आणि चाकापाशी बसा. पावसाळ्यात आपली काळी माती एबीएस रिंगच्या खाचांत बसते आणि वाळून विटेसारखी होते. सेन्सरच्या टोकाला डिस्कची लोखंडी भुकटी चिकटते. टूथब्रश आणि पाणी पुरतं. स्क्रूड्रायव्हरनं खाचा कोरू नका, रिंग वाकली की सेन्सरपासूनचं अंतर बिघडतं.

गोदाकाठ
ट्रिपची चाचणी घेतली. जीपीएस 50.0, ट्रिप 49.9. म्हणजे मोजणी बरोबर, वर सरकवलाय तो फक्त काटा. या मीटरमध्ये करेक्शनची ओळही एकच आहे. आता 5 टक्के टाकले तर रनिंग बिघडणार हे दिसतंय. तरी 74 ला 80 दाखवणं मला अजूनही पटलेलं नाही.

केबलवाला
मग टाकीवर चिकटपट्टी लावा, स्केचपेननं लिहा: 40 ला 36, 60 ला 55, 80 ला 74. बॅटरी लागत नाही, कपलर लागत नाही, आणि गाडी विकताना ओढून काढता येते.