रेडिओवाल्यांना हॉल ऑफ फेमसाठी निवडतात तरी कसं?

धरमपेठकर:
राजेहो, एक विचारायचं होतं. अमेरिकेत बेसबॉलच्या कॉमेंट्रीवाल्यांना फोर्ड फ्रिक अवॉर्ड देतात, कूपर्सटाउन गावातल्या बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांचा मान ठेवणाऱ्या संग्रहालयात, त्यांची नावं लागतात. ही नावं ठरवते कोण, पब्लिकच्या मतावर असते का? आपल्या आकाशवाणी नागपूरचे जुने निवेदक, ज्यांच्या आवाजावर आमच्या घरची सकाळ सुरू व्हायची, त्यांच्यासाठी असं काही करता येईल का हे डोक्यात घोळून राहिलं आहे.

बर्डीचा_बॅटबॉल:
भाऊ, पब्लिकच्या मतावर नाही. १९७८ पासून देतात, पहिल्या वर्षी मेल ॲलन अन् रेड बार्बर. अट अशी की मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, सलग किमान १० वर्षं कॉमेंट्री केलेली पाहिजे. मग शॉर्टलिस्ट निघते आणि तिच्यावर मत देतात ते आधीचे विजेते अन् ब्रॉडकास्टिंगचे इतिहासकार. मध्यंतरी काही वर्षं शॉर्टलिस्टमधली तीन नावं फॅन्सच्या ऑनलाइन मतांनी ठरायची, पण माझ्या मते ते बंद झालं तेच बरं, कारण ज्याचा आवाज आज कानावर पडते त्यालाच मतं जातात, १९३० च्या माणसाला आज कोण मत देणार? नंतर त्यांनी काळानुसार गटच पाडले, एका वर्षी फक्त सुरुवातीच्या रेडिओवाल्यांचा विचार, अन् त्यातूनच ग्रॅहम मॅकनॅमीला २०१६ मध्ये मिळाला. माणूस गेला होता १९४२ मध्ये! आणि हो, हा अवॉर्ड मिळाला म्हणजे खेळाडूंसारखा हॉलचा मेंबर झाला असं नसते, सन्मान वेगळा असते.

रामदासपेठ_७२:
आपल्याकडे क्रिकेटचा आयसीसी हॉल ऑफ फेम आहे २००९ पासून, पण तो खेळाडूंचा. कॉमेंट्रीसाठी वेगळी खिडकी नाही, ही खंत आहेच.

महालची_ताई:
दादा, मग पद्मचा रस्ता धरा नं. तिथं नाव कोणीही पाठवू शकते, अगदी स्वतःचंसुद्धा. ऑनलाइन फॉर्म, काम काय केलं ते ८०० शब्दांत लिहायचं. कॅबिनेट सेक्रेटरींच्या अध्यक्षतेखालची कमिटी बघते, मग पंतप्रधान अन् राष्ट्रपतींकडे जाते. जसदेव सिंगांना १९८५ ला पद्मश्री अन् २००८ ला पद्मभूषण, अमीन सयानींना २००९ ला पद्मश्री, म्हणजे आवाजाच्या माणसांना मिळते. पण दोन गोष्टी बघून घ्या. सरकारी नोकरीत असेपर्यंत नाव चालत नाही, डॉक्टर अन् सायंटिस्ट सोडून. आणि मरणोत्तर सहसा देत नाहीत, म्हणून हात जोडून सांगते, उशीर करू नका.

आणि नुसतं "खूप छान आवाज होता" लिहून काही होत नाही. आमचे मामा कॅज्युअल अनाउन्सर होते, म्हणजे कायम नोकरी नाही, बोलावतील तेव्हा ड्यूटी, त्यांची बुकिंगची पत्रं मामीनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, प्रत्येकावर तारीख, ड्यूटी, मानधन. रेकॉर्डिंग एकही नाही, पण कोणत्या वर्षी काय केलं हे त्या कागदांवरून पक्कं सांगता येते. श्रोत्यांची पोस्टकार्डं असतील तर तीही स्कॅन करा, गावाचा शिक्का दिसला पाहिजे, आवाज कुठवर जायचा ते त्यातून कळते.

धरमपेठकर:
ताई, हे फार कामाचं सांगितलं. नागपूर केंद्र १९४८ चं, सुरुवातीचे लोक तर आता राहिलेच नाहीत, पण नंतरचे दोघं आहेत, एकाचं वय ८८. रविवारी त्यांच्याकडे स्कॅनर घेऊन जातो. कोणाकडे जुन्या स्पूल टेपा डिजिटल करायचं मशीन असेल तर इथंच कळवा, एक डबा तरी आहे त्यांच्याकडे.