एक्सेलमधली आंबा गिऱ्हाइकांची यादी फोनमध्ये कशी घ्यावी?

कातळावरची_कलमं

देवगड तालुक्यात बाग आहे. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते कॉम्प्युटरवर एक्सेल २००७ मध्ये आहेत, साधारण १,१०० ओळी. काही नावं इंग्रजीत, काही मराठीत, आणि जुनी तीनेकशे श्रीलिपीत (मराठीच्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली. फोनच्या रकान्यात कुठे एक नंबर, कुठे मधे तिरकी रेघ देऊन दोन. लँडलाइनही आहेत. हे सगळं पत्ता-पिनकोडसकट अँड्रॉइड फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये हवं आहे, म्हणजे पेट्या भरताना खळ्यातच पत्ता बघता येईल. यादीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) करून गुगलमध्ये इंपोर्ट केली, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली आणि पुष्कळ नंबरांचं ‘९.१९ई+११’ झालं. चूक कुठे होते आहे?

सुरंगीचा_वळेसर

चूक फोनमध्ये नाही, गुगलमध्येही नाही. दोन्ही गोष्टी एक्सेलने सीएसव्ही लिहितानाच घडल्या. मूळ एक्सेल फाइल जपून ठेवा, कारण त्या सीएसव्हीतून नावं किंवा नंबर परत मिळणार नाहीत.

प्रश्नचिन्हं: जुनं एक्सेल सीएसव्ही युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) लिहीत नाही, म्हणून देवनागरी अक्षर आलं की तिथे प्रश्नचिन्ह टाकतं. नव्या एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडचाच एक प्रकार) असा वेगळा पर्याय असतो, २००७ मध्ये नाही. फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा, सेव्ह अ‍ॅज करताना ‘एडिट फिल्टर सेटिंग्ज’वर टिक करा आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडा. नाहीतर फाइल गुगल शीट्समध्ये चढवून तिथून सीएसव्ही उतरवून घ्या, ती यूटीएफ-८ मध्येच येते.

नंबर: ९१ लावलेला मोबाइल नंबर १२ अंकी होतो. एवढा मोठा आकडा साध्या ‘जनरल’ फॉरमॅटमध्ये एक्सेल आखडून दाखवतं, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच उतरतं. लँडलाइनचं आणखी एक. ०२३५२ मधलं पहिलं शून्य एक्सेल आकडा समजून गाळतं. इथे ते गळलं तरी बिघडत नाही, कारण आपल्याकडे शून्य सोडून एसटीडी कोड आणि नंबर मिळून १० अंकच होतात, मोबाइलसारखेच. त्यामुळे सगळ्यांना एकच उपाय चालतो: ‘सबस्टिट्यूट’ फंक्शनने मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढा, ‘राइट’ने उजवीकडचे १० अंक घ्या आणि पुढे +९१ जोडा. ज्यांचा नुसता सहा अंकी नंबर लिहिला आहे, त्यांना गावाप्रमाणे कोड हातानेच घालावा लागेल. ‘लेन’ फंक्शनने लांबी मोजा, १० पेक्षा कमी भरणाऱ्या ओळी लगेच सापडतील.

हे सगळं दोन नंबर वेगळे केल्यावर करायचं. फोनच्या रकान्याच्या उजवीकडे आधी दोन रिकामे रकाने घाला, नाहीतर शेजारच्या पत्त्यावर नंबर चढतील. मग डेटा मेनूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ घ्या, डिलिमिटेड, अदरमध्ये तिरकी रेघ. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक रकान्याला ‘टेक्स्ट’ द्या.

पत्त्यात ऑल्ट-एंटर मारून ओळी पाडल्या असतील तर त्याही काढलेल्या बऱ्या. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘फाइंड’च्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा (चौकट रिकामीच दिसेल) आणि बदली स्वल्पविराम द्या.

एक विनंती: तयार सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. +९१ चे नंबर परत आकडे होतील आणि सगळी मेहनत फुकट जाईल. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये बघा.

खाडीपलीकडे

वरचं सगळं बरोबर, पण श्रीलिपीतल्या तीनशे नावांना यूटीएफ-८ चा काही उपयोग नाही. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, मराठी फक्त दिसतं. ओळखायची सोपी खूण: पेशी निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी तसंच राहिलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला झाला तर जुना फॉन्ट.

कंट्रोल-एफ, ऑप्शन्स, फॉरमॅट, फॉन्ट असं करून त्या ओळी शोधा आणि वेगळ्या शीटवर न्या. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरमधून फक्त नाव आणि पत्त्याचे रकाने काढा. नंबर आणि पिनकोड त्यात घालू नका. ते इंग्रजी अंकांतच राहायला हवेत. इंग्रजीत लिहिलेली नावं चुकून आत गेली तर त्यांचीही अक्षरं बदलतील.

नंतर वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून ‘शिर्के’सारखं नाव दोन्हीकडून बिघडू शकतं. तीनशे नावं वाचायला तासभर लागेल, पण पार्सलवर चुकीचं नाव जाण्यापेक्षा तो तास द्यावा.

आणि गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते असलेली अख्खी फाइल अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. कॉम्प्युटरवर बसवता येणारा कन्व्हर्टर वापरा. ही माणसं आपल्या विश्वासावर नंबर देतात.

कातळावरची_कलमं

फॉन्टची खूण करून पाहिली, काही पत्तेही जुन्या फॉन्टमध्येच निघाले. रकान्यांना मथळे काय द्यायचे? आणि आधी आलेली ती प्रश्नचिन्हांची नावं गुगलमधून कशी काढू?

सुरंगीचा_वळेसर

मथळे स्वतःच्या मनाने देऊ नका. गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये एक नमुना नाव हाताने भरा: दोन फोन, पत्ता, गाव, पिनकोड, लेबल, सगळं. मग तेवढंच एक नाव ‘गुगल सीएसव्ही’ म्हणून एक्सपोर्ट करा आणि त्या फाइलची पहिली ओळ जशीच्या तशी तुमच्या शीटवर आणा. गुगलने मथळ्यांची नावं मधे बदलली आहेत, त्यामुळे जुन्या लेखांतून उचललेली चालतीलच असं नाही. पूर्ण पत्ता एकाच रकान्यात कोंबू नका. गाव आणि पिनकोड वेगळे ठेवले तर पुढे लेबलं छापायलाही कामाला येतील.

आधीचा गोंधळ काढायला: प्रत्येक इंपोर्टला गुगल तारखेचं लेबल लावतं. ते उघडा, सगळी निवडा, डिलीट करा. ‘अनडू चेंजेस’ने ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं, पण त्या काळात हाताने भरलेली नावंही जातात, म्हणून लेबलचा रस्ता बरा.

पुढच्या वेळी आधी पाचच ओळींची फाइल चढवा: एक इंग्रजी, एक मराठी, एक श्रीलिपीतून बदललेली, एक लँडलाइन, एक दोन नंबरांची. फोनवर पाचही नीट दिसले की मग सगळी. एका वेळी ३,००० नावं चालतात, तुमची एका फेरीत होतील.

रापण

फोनच्या बाजूचं थोडं. धंद्यासाठी वेगळं गुगल खातं काढा आणि ते फोनमध्ये जोडा. अकाउंट्समध्ये त्या खात्याचं कॉन्टॅक्ट्स सिंक चालू हवं. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच खातं जोडलं की यादी तिथेही येते. सिमवर काही साठवू नका. तिथे पत्ता बसत नाही आणि मराठी नावं अर्धवट तुटतात.

पहिलं सिंक रेंज चांगली असेल तिथे करा. एकदा नावं उतरली की बागेत नेट नसलं तरी दिसतात. विमान मोड लावून दोन-चार पत्ते उघडून बघा, खात्री होईल.

सीझनला व्हॉट्सअ‍ॅपवर भाव कळवणार असाल तर ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण मावतात, म्हणजे तुम्हाला पाच याद्या लागतील. ज्या गिऱ्हाइकाने तुमचा नंबर जपून ठेवलेला नाही, त्याला तो मेसेज पोचत नाही. त्यामुळे पेटीत टाकायच्या चिठ्ठीवर ‘हा नंबर सेव्ह करा’ ही ओळ यंदाच छापून घ्या.