विलायत-ए-फकीह : यातली 'विलायत' कुठली?

तर्जुमा : इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेवरचा एक लेख मराठीत करते आहे. पाचव्या कलमातलं 'विलायत-ए-फकीह' मी 'धर्मशास्त्र्याचे पालकत्व' असं लिहिलं. मुद्रितशोधनातून ते 'फकिरांचे राज्य' होऊन परत आलं. समासात शेरा असा : विलायत म्हणजे देश, फकीह हे फकीरचंच रूप. हे चूक आहे यात मला शंका नाही, पण 'पालकत्व'वरही मन बसत नाही. मथळ्यात मावेल आणि अर्थ सांडणार नाही असा शब्द हवा आहे.

मोडीवाचक : फकीर आणि फकीह यांचं नातं नाही. फकीरचा धातू फ-क-र, म्हणजे गरज, दारिद्र्य. फकीहचा फ-क-ह, म्हणजे समजणं. त्यावरून फिक्ह, म्हणजे धर्मातल्या विधिनिषेधांचं शास्त्र. अनेकवचन फुकहा. फकीह पुजारी नव्हे, नुसता नमाज पढवणारा नव्हे, सूफी तर नव्हेच. मूळ ग्रंथांवरून निर्णय काढून देणारा, म्हणजे पेशवाईतले रामशास्त्री ज्या अर्थाने शास्त्री होते तसा. बातम्यांतलं 'धर्मगुरू' मला म्हणूनच खटकतं. गुरू म्हटलं की दीक्षा, मंत्र, मठ डोळ्यांपुढे येतात. फकीहचं काम निवाड्याचं.

विलायतचा धातू व-ल-य. जवळ असणं, त्यावरून सांभाळणं, त्यावरून कारभार हाती असणं. वली, मौला, मौलवी, मुतवल्ली सगळे त्याच घरातले. वक्फच्या कागदांतला मुतवल्ली बघा : मिळकतीचा मालक नाही, दुसऱ्याच्या वतीने सांभाळणारा. विलायतचा गाभा तोच. ज्याच्या ताब्यात मुलूख तो वाली, आणि त्याचा मुलूखही विलायत. हिंदुस्थानात फारसी बोलणाऱ्यांनी आधी इराण-अफगाणिस्तानाला विलायत म्हटलं, मग युरोपला, आणि शेवटी मराठीत ती फक्त इंग्लंडची उरली. शेरा लिहिणाऱ्याने हा शेवटचा अर्थ पहिल्या जागी बसवला.

देवगिरी : अव्वल आणि वालिद पण याच घरातले ना? पहिला, वडील, सांभाळणारा, अर्थ अगदी जुळतात.

मोडीवाचक : अर्थ जुळले तरी धातू जुळत नाहीत. वालिद व-ल-द वरून, जन्म देणारा. औलाद, वल्द त्यातलेच. जुन्या कागदांत 'अमुक वल्लद तमुक' असतं ते हेच. अव्वल तिसऱ्याच धातूचा. अरबी शब्दांत तीन व्यंजनं मोजायची, आवाजावर जायचं नाही.

सातबारा : माझं मत 'पालक'लाच. सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे अ.पा.क. लिहितात, अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराची, सही पालनकर्त्याची. फिक्हमध्ये विलायतचा जुना, कोणालाही मान्य असलेला अर्थ नेमका हाच आहे : अज्ञान मूल, वेडसर माणूस, वारस नसलेली मिळकत, यांची जबाबदारी. वाद त्या अर्थाबद्दल नाही, तो किती ताणायचा याबद्दल आहे.

खारीक : सातबारा यांनी दुखरी जागा धरली आहे. अहमद नराकी (मृत्यू १८२९) यांनी फकीहच्या विलायतीची चर्चा सविस्तर केली होती, पण तिच्यावर सरकार उभं करायचा विचार खोमेनींचा. इराकमधल्या नजफमध्ये १९७० च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिलेल्या १३ व्याख्यानांत तो मांडला. त्यांत त्यांनी स्वतःच म्हटलं आहे की कर्तव्य आणि स्थान पाहता राष्ट्राचा पालक आणि अज्ञान मुलाचा पालक यांत फरक नाही. त्याच नजफमधले अबुल कासिम खुई मात्र फकीहचा अधिकार निराधारांच्या आणि बेवारशी बाबींपुरताच मानत. एकच शब्द, एकच शहर, एकच पिढी.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी. १९७९ च्या जूनमधल्या घटनेच्या पहिल्या मसुद्यात हे तत्त्व नव्हतंच. मुंतजरी अध्यक्ष आणि बेहेश्ती उपाध्यक्ष असलेल्या तज्ज्ञसभेने ते घातलं, आणि डिसेंबरच्या सार्वमताने कायम झालं.

निर्मळ : चर्चा चांगली आहे, पण मराठी वाचकाने फारसी समास का गिळावा? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच नाही. 'शास्त्रीसत्ता' म्हणा. चार अक्षरं, मथळ्यात बसतात, वाचताक्षणी कळतं. 'सर्वोच्च नेता' हे तर दुसऱ्याच्या भाषेतून उचललेलं आहे. त्याने अधिकार कुठून येतो ते कळतच नाही.

खारीक : 'शास्त्रीसत्ता' वाचून वाटेल की शास्त्री मंडळींचा वर्ग राज्य करतो. पाचव्या कलमात अधिकार एका फकीहचा आहे. १९७९ च्या पाठात तसा एक न सापडल्यास तीन किंवा पाच मरजांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या फकीहांच्या, मंडळाची सोय होती. १९८९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्याच दुरुस्तीने नेता स्वतः मरजा असण्याची अटही गेली. मार्च १९८९ मध्ये वारस म्हणून ठरलेले मुंतजरी दूर झाले, ३ जूनला खोमेनी वारले, ४ जूनला खामेनींची निवड झाली तेव्हा ते मरजा नव्हते. त्यामुळे 'फकीह' आणि 'मरजा' यांना एकच मराठी शब्द वापरलात तर १९८९ चा पेचच लेखातून नाहीसा होईल. मरजा-ए-तकलीद म्हणजे ज्याचे निर्णय इतरांनी अनुसरायचे तो. प्रत्येक मरजा फकीह असतो, प्रत्येक फकीह मरजा नसतो.

देवगिरी : तकलीद म्हणजे अनुकरण ना? मग आपला 'तकलादू' तिथलाच वाटतो. अनुकरण, त्यावरून नक्कल, त्यावरून कमअस्सल, त्यावरून लगेच मोडणारं.

मोडीवाचक : या वेळी पटण्यासारखं आहे. ध्वनी आणि अर्थ दोन्ही वाटेत कुठे अडत नाहीत. पण लेखात घालू नका. तकलीदला तिकडे हलका अर्थ अजिबात नाही. सामान्य शिया माणसाचं ते कर्तव्य आहे.

तर्जुमा : घालणार नाही. पण सत्तावन्नाव्या कलमात १९८९ ला 'मुतलका' हा शब्द आला, विलायत-ए-मुतलका. तिथे 'निरंकुश' लिहू का?

सातबारा : मुतालिकमधला मुतलक? आपल्याकडे मुतालिक म्हणजे वतनदाराच्या वतीने काम पाहणारा. म्हणजे 'प्रतिनिधी विलायत'?

मोडीवाचक : नाही, इथे दोन धातू आहेत. मुतालिक हा मुतअल्लिक, धातू अ-ल-क, जोडलेला; तालुका आणि ताल्लुक त्याचे भाऊ. मुतलक त-ल-क वरून, सोडलेला, न बांधलेला; तलाक त्याचा भाऊ. यातला 'त' म्हणजे अरबीतलं 'तोय' हे वेगळं, कठोर अक्षर आहे, आपल्या लिपीत तो भेद पडत नाही म्हणून गोंधळ होतो. पण मुतलक मराठी वाचकाला नवा नाही. शहाआलम बादशहाने १७८४ मध्ये पेशव्यांना दिलेलं आणि महादजी शिंद्यांनी नायब म्हणून चालवलेलं पद 'वकील-इ-मुतलक'. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला 'सर्वाधिकारी' म्हणतात. 'निरंकुश' हा निवाडा झाला, 'सर्वाधिकारी' हा अर्थ. घटनेच्या भाषांतरात अर्थच हवा.

निर्मळ : अर्थ आणि निवाडा असे इतके वेगळे काढता येत नाहीत. 'पालकत्व' हा तरी निवाडा नाही का? तो मवाळ शब्द आहे, सत्तेवर पांघरूण घालतो. सातबाऱ्यावरच्या ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, यातला 'कर्ता' घ्या. एकत्र कुटुंबातले भाऊ सज्ञान असतात, तरी व्यवहार कर्ता पाहतो.

सातबारा : 'कर्ता' सुंदर आहे, पण इथे चुकतो. कर्ता स्वतः मिळकतीत हिस्सेदार असतो आणि सज्ञान भाऊ वाटणी मागू शकतात. अज्ञानाला वाटणी मागता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने मागावी लागते. खोमेनींनी उपमा कोणाची दिली ते वर आलंच आहे.

खारीक : 'मुतलका'च्या आधीचा दुवा सांगतो. संसदेने केलेले जमिनीचे, कामगारांचे कायदे १२ जणांचं निगहबान मंडळ शरीयतविरोधी ठरवून अडवत होतं. १९८८ च्या जानेवारीत खोमेनींनी पत्र लिहून सांगितलं की राज्यसंस्था हा पहिल्या दर्जाचा हुकूम आहे, नमाज, रोजा, हज यांच्याही आधीचा. फेब्रुवारीत 'मजमा-ए-तशखीस-ए-मसलहत' स्थापन झाली. तिथे तर्जुमा यांना दुसरा खड्डा लागेल : मसलहत म्हणजे आपली मसलत नव्हे. धातू तोच, सल्लाही त्याच धातूचा. पण मराठीत मसलत म्हणजे खलबत, बेत. तिकडे मसलहत म्हणजे ज्यात राज्याचं भलं ते. 'मसलत मंडळ' लिहिलंत तर वाचकाला ती सल्लागार समिती वाटेल, आणि तिचं मूळ काम आहे संसद आणि निगहबान मंडळ यांच्यातला तिढा सोडवणं. 'राज्यहित-निर्णय मंडळ' म्हणा.

निर्मळ : बघा, इथे संस्कृत शब्दच उपयोगी पडला.

मोडीवाचक : पडला, कारण जुना शब्द मराठीत वेगळ्या वाटेने गेला होता. नियम म्हणून नव्हे. आमच्या शब्दांचे तिकडे भलतेच अर्थ आहेत म्हणून ते टाकून द्यायचे, तर मुखत्यारही टाकावा लागेल. तुर्कस्तानात मुहतार म्हणजे गावाचा किंवा मोहल्ल्याचा निवडून आलेला प्रमुख. आपल्याकडे मुखत्यार म्हणजे मुखत्यारपत्राच्या आधारे दुसऱ्याच्या वतीने सही करणारा.

पाणंद : तुर्कस्तान निघालं म्हणून विचारतो. उस्मानी (ऑटोमन) काळाबद्दल वाचताना 'मोसुल प्रांत' असं येतं, मूळ शब्द विलायतच का?

खारीक : होय. १८६४ च्या कायद्याने उस्मानी साम्राज्याची विलायतवार मांडणी सुरू झाली, पहिली डॅन्यूब विलायत मिधत पाशांच्या हाताखाली. उतरंड अशी : विलायतीवर वाली, संजाकवर मुतसर्रिफ, कझावर काइममकाम, नाहियेवर मुदीर, गावात मुहतार. मोसुल, बगदाद, बसरा या तीन विलायतींतून पुढे इराक झाला. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात १९५६ च्या सुमाम परिषदेने देशाचे सहा विलाया पाडले, आणि आजही तिथले जिल्हे विलायाच. अफगाणिस्तानात ३४ विलायती.

देवगिरी : काइममकाम म्हणजे कायम आणि मुक्काम!

मोडीवाचक : तेच दोन शब्द, पण अर्थ 'दुसऱ्याच्या जागी उभा असलेला'. आजच्या तुर्कस्तानात विलायतचं 'इल' झालं, ८१ आहेत, वाली मात्र वालीच राहिला. इलचे भाग इल्चे, त्यांवर कायमकाम.

सातबारा : मग इलला 'प्रांत' म्हणू नका. आमच्याकडे प्रांत म्हटलं की प्रांताधिकारी, जिल्ह्याखालचा उपविभाग. इलला जिल्हा म्हणा, वालीला जिल्हाधिकारी.

पाणंद : मोसुल विलायतीला 'मोसुल जिल्हा' म्हणून कसं चालेल? तिच्यात तीन संजाक होते : मोसुल, किर्कुक, सुलेमानिया. १८६४ ची विलायत आणि आजचं इल यांना एकच शब्द नको.

सातबारा : मग उस्मानी विलायतीला 'सुभा' घ्या. वालीला सुभेदार.

निर्मळ : सुभाही अरबीच!