शब्दचर्चा : संकलन, संग्रह की निवडक?

प्रश्न :
ब्रिटिश इंडी रॉकच्या कम्पायलेशन अल्बमांवर, म्हणजे आधीची किंवा अनेकांची गाणी एकत्र करून काढलेल्या अल्बमांवर, लेख लिहीत आहे. पहिल्या खर्ड्यात मी या शब्दासाठी सरसकट 'संकलन' वापरले होते. 'एनएमई या साप्ताहिकाने १९८६ साली २२ बँडांच्या कॅसेटचे संकलन केले' हे वाक्य वाचून एका मित्राने विचारले, की फीत कापून जोडण्याचे काम साप्ताहिकाने कशाला केले? चित्रपटांच्या श्रेयनामावलीत 'संकलन' म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसाची ही शंका चुकीची म्हणता येणार नाही. पर्यायी शब्द कोणता? आणि 'इंडी'ला (मूळ इंग्रजी 'इंडिपेंडंट') 'स्वतंत्र' म्हटलेले चालेल का?

उत्तर :
आपल्या मित्राची शंका रास्त आहे. 'संकलन' हा शब्द आपण फार कामांना जुंपला आहे : चित्रपटाचे संकलन, रक्तसंकलन, कचऱ्याचे संकलन आणि गणितात विकलनाच्या (डिफरन्सिएशन) जोडीने येणारे संकलन (इंटिग्रेशन). 'लीलावती'त 'संकलित' म्हणजे बेरीज. म्हणजे सगळे गोळा करून एकत्र मांडणे हा या शब्दाचा गाभा असून वेचण्याची, निवडण्याची छटा त्यात फिकी आहे. (इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'लुटणे' असा होता. फुटलेल्या बँडची जुनीच गाणी नव्या वेष्टनात विकणाऱ्या कंपन्यांना तो अगदी शोभतो.)

खरी अडचण अशी, की इंग्रजीत एकाच शब्दाखाली खपणाऱ्या वस्तू मराठी ग्रंथव्यवहाराने केव्हाच वेगळ्या केल्या आहेत. अनेकांच्या लेखनातून एकेक नमुना घेऊन केलेल्या पुस्तकाला आपण 'प्रातिनिधिक संग्रह' म्हणतो, एकाच लेखकाच्या छापून झालेल्या पुस्तकांतून वेचलेल्या मजकुराला 'निवडक', आणि नियतकालिकांत विखुरलेले, पुस्तकात न आलेले लेखन 'असंग्रहित'. ही विभागणी या अल्बमांना जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

ओएसिस या बँडचेच पाहा. 'द मास्टरप्लॅन' (१९९८) मधली चौदाही गाणी आधी सिंगलच्या (एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या तबकडीच्या) मागल्या बाजूला निघालेली, म्हणजे अल्बमात न आलेली होती. हा झाला असंग्रहित गाण्यांचा संग्रह. 'स्टॉप द क्लॉक्स' (२००६) हे मात्र 'निवडक ओएसिस'. गंमत म्हणजे काही गाणी दोन्हींत आहेत. गाणे तेच, पण ते कोठून आणि कशासाठी उचलले यावरून शब्द बदलतो. स्वेड या बँडच्या दोन तबकड्यांच्या 'साय-फाय ललबाइज'ला (१९९७) 'निवडक' म्हणणे चूकच ठरेल, कारण तोही मागल्या बाजूंचाच संग्रह आहे.

द स्मिथ्स या बँडचा 'हॅटफुल ऑफ हॉलो' थोडा अडचणीचा आहे. पहिला अल्बम फेब्रुवारी १९८४ मध्ये आला आणि हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे निवड करण्याइतके गाठीला काही जमण्याच्या आतच. त्यात बीबीसी रेडिओसाठी जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या कार्यक्रमांत केलेली ध्वनिमुद्रणे आहेत, शिवाय सिंगल आणि त्यांच्या मागल्या बाजू. पहिल्या अल्बमातली काही गाणी येथे वेगळ्या, अनेकांच्या मते अधिक जिवंत, ध्वनिमुद्रणात ऐकू येतात, त्यामुळे 'असंग्रहित' हा शब्द निम्माच लागू होतो. येथे मी नुसते 'संग्रह' लिहीन आणि पुढच्या वाक्यात खुलासा करीन.

दुसरे मत :
वरील विवेचन पटते, परंतु 'सी-८६'ची, म्हणजे एनएमईच्या त्या कॅसेटची, गोष्ट निराळी आहे. कोऱ्या कॅसेटी मिनिटांवरून सी-६०, सी-९० अशा ओळखल्या जात. त्याच धर्तीवर, पण मिनिटांऐवजी साल घालून, हे नाव केले गेले. पुढे ते विशेषनाम राहिले नाही. किणकिणती गिटार, हौशी वाटणारे वादन आणि कोवळा आवाज अशा एका शैलीलाच 'सी-८६' म्हणू लागले. वास्तविक त्या कॅसेटवर बिग फ्लेम किंवा स्टंप यांच्यासारखे खडबडीत, तुटक वाजवणारे बँडही होते आणि त्यांना हे विशेषण मुळीच लागू पडत नाही. त्यामुळे लेखकाने लिंगाने फरक दाखवावा असे सुचवतो : कॅसेट 'ती सी-८६', त्याच वर्षी रफ ट्रेड या कंपनीने काढलेला अल्बम 'तो सी-८६', आणि शैलीसाठी 'सी-८६ वळण'.

'स्वतंत्र' मात्र टाळावे. आपल्याकडे 'स्वतंत्र नाटक' म्हणजे भाषांतरित किंवा रूपांतरित नसलेले नाटक, आणि 'स्वतंत्र रॉक' वाचून तोच अर्थ मनात येतो. शिवाय इंग्रजीतही शब्दाचा अर्थ सरकला आहे. जानेवारी १९८० मध्ये ब्रिटनमध्ये इंडी तालिका (खपानुसार तबकड्यांची क्रमवारी) सुरू झाली, तेव्हा निकष ध्वनीचा नव्हता, वितरणाचा होता. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून तबकडी दुकानात पोहोचली, की ती इंडी. म्हणूनच ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगची निव्वळ पॉप गाणीही त्या तालिकेत अग्रस्थानी दिसत. उलट ओएसिस ज्या क्रिएशन कंपनीकडे होते, तिचा ४९ टक्के हिस्सा सोनीने १९९२ मध्येच विकत घेतला होता, तरी ओएसिसला सगळे इंडीच म्हणत. व्यापारातला शब्द असा शैलीचा झाला. हे सरकणे 'इंडी' हा मूळ शब्द ठेवला तरच वाचकाला दाखवता येईल.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे : 'एनएमईने १९८६ साली २२ इंडी बँडांचा प्रातिनिधिक संग्रह कॅसेटवर काढला.' मित्राची हरकत मिटली. मात्र 'बँडांचा' की 'बँड्सचा' यावर तो आता अडून बसला आहे. मी 'बँडांचा'च ठेवणार आहे, 'अल्बमांचा' आणि 'कॅसेटींचा' आपण लिहितोच की.