प्रतिसाद: नुसती पोरं गोळा करून भागत नाही

वर कुणीतरी म्हटलंय, की कॉलेजचा कोच म्हणजे चांगली पोरं गोळा करणारा माणूस. अर्धं पटलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा जलतरण कोच जेम्स 'डॉक' कौन्सिलमन याच्याकडे ऑलिंपिक गाजवणारा जलतरणपटू मार्क स्पिट्झ होता, मग काय! १९६८ ते १९७३ कॉलेज जलतरणाची सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं.

पण हा गडी पाण्याखाली कॅमेरा लावून बसायचा. चांगल्या जलतरणपटूचा हात पाण्यात सरळ मागे जात नाही, नागमोडी वळण घेतो, हे त्याने चित्रफितीतून दाखवलं. त्यामागचं त्याचं स्पष्टीकरण पुढे बरंच खोडलं गेलं, पण तसं बघायची सवय त्यानेच लावली.

आणि डायव्हिंगचं श्रेय त्याला देऊ नका, ते तिथल्या डायव्हिंग कोचचं, हॉबी बिलिंग्जलीचं. जलतरणाच्या सांघिक गुणांत सूर मारणाऱ्यांचेही गुण धरतात, हे आपण विसरतोच. या विजेतेपदांआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यापीठाच्या फुटबॉलवाल्यांच्या भानगडींपायी तिथल्या सगळ्याच खेळांच्या संघांना राष्ट्रीय स्पर्धांची बंदी होती, म्हणून पोहणारेही त्यांना मुकले. नाहीतर विजेतेपदांचा आकडा वाढला असता, असं माझं मत.

बाकी १९७९ मध्ये, ५८ व्या वर्षी, डॉक स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेला. काठावर शिट्टी फुंकणारा कोच नव्हे तो!